भरतीची वेळ आणि प्रवाहाची वेळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची पद्धत आहे. मुंबई बंदरात छोटी शिडाची होडी चालवताना एवढा हिशेब पुरतो का? (माहीम)

उत्तर : हा हिशेब खरा आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही त्याच्यामागोमाग तेवढीच लांबते. म्हणून द्वितीयेला दीडच्या सुमारास आणि चतुर्थीला तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटे, पूर्ण भरती होते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, जेव्हा पाणी सर्वाधिक चढते-उतरते, तो बऱ्यापैकी जुळतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी चढउताराच्या दिवसांत, तो अर्ध्यापाऊण तासाने सहज चुकतो आणि तिथीचा क्षय किंवा वृद्धी असली तर आणखी ढळतो. त्यामुळे निघण्याची नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच ठरवावी.

तरीही मी पंचांग बाजूला ठेवायला सांगणार नाही, कारण पाणी किती जोरात धावेल याचा अंदाज तिथीवरून येतो आणि त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावर उधाणाच्या भरतीची सरासरी उंची 4.42 मीटर आणि ओहोटीची 0.76 मीटर धरतात. म्हणजे पाणी साडेतीन मीटरांहून अधिक चढते-उतरते. भांगाच्या दिवसांत हेच आकडे 3.30 आणि 1.86 आहेत, म्हणजे फरक दीड मीटरही नाही. दोन्ही वेळा हा प्रवास साधारण सहा तासांतच उरकायचा असल्याने उधाणातला प्रवाह भांगातल्या प्रवाहाच्या अडीच पट जोराचा असतो. शिवाय या सहा तासांत पाणी एकसारखे चढत नाही : पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी सरकते आणि प्रवाहाचा जोरही तेव्हाच सर्वाधिक असतो. नवशिक्यांनी पहिल्या सफरी सप्तमी ते दशमीच्या दरम्यान कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : गेटवेकडून ठाण्याच्या खाडीत वाशीच्या पुलांपर्यंत जायचे असल्यास भरती सुरू होताच निघावे का? (वाशी)

उत्तर : भरती सुरू होताच निघालात तर खाडीच्या उथळ भागात तुम्ही पाणी पुरेसे चढण्याआधीच पोहोचाल. अंतर सुमारे अकरा सागरी मैल आहे. होडीचा वेग चार नॉट (म्हणजे तासाला चार सागरी मैल) आणि प्रवाहाची मदत सरासरी दीड नॉट धरली तर दोन तास लागतात. म्हणून भरतीचे पहिले तीन तास जाऊ द्यावेत आणि पूर्ण भरतीच्या तास-सव्वा तास आधी वाशीजवळ असावे. या वेळी वाटेत प्रवाहाची चांगली साथ मिळते आणि चुकून चिखलात रुतलात तरी पाणी अजून चढत असल्याने होडी आपोआप मोकळी होते. उलट उतरत्या पाण्यावर रुतणे म्हणजे निदान पुढच्या भरतीपर्यंत, कदाचित अंधारात, तिथेच बसून राहणे; आणि उधाणाच्या अगदी टोकाला रुतलात तर नंतरच्या भरत्या दिवसेंदिवस बुटक्या होत जात असल्याने पुढच्या उधाणाची वाट पाहावी लागू शकते. शिवडीच्या बाजूला ओहोटीला उघडा पडणारा चिखल रोहित पक्ष्यांसाठी मेजवानी असला, तरी होडीने त्यापासून दूरच राहावे.

डोलकाठीची उंची पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजून ठेवा. पुलाखाली मिळणारी जागा भरतीला कमी होते, आणि आपल्याला तर भरतीलाच तिथे पोहोचायचे आहे. पावसाळ्यात ही सफर करूच नये. एरवीही बंदराच्या हद्दीतले नियम आणि नौदलाची निषिद्ध क्षेत्रे आधी माहीत करून घ्यावीत.

प्रश्न : आम्ही जर्सी सिटीहून 26 फुटी शिडाच्या होडीने न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमार्गे लाँग आयलंड साउंड या समुद्राच्या फाट्याकडे निघालो होतो. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरच्या ‘बॅटरी’ या ठिकाणच्या तक्त्यात ओहोटी संपण्याची वेळ पाहून बरोबर तेव्हाच ते टोक ओलांडले, तरी पहिले दोन तास पाणी समोरूनच येत राहिले. तक्ता चुकला का? (न्यू जर्सी)

उत्तर : तक्ता बरोबर होता, तो पाण्याच्या उंचीचा होता आणि तुम्हाला प्रवाहाचा हवा होता. मुंबईच्या खाडीसारख्या एका टोकाला बंद असलेल्या जागेत पाण्याची उंची बदलायची थांबते त्याच सुमारास प्रवाहही थांबतो, म्हणून आपल्याकडे वाढलेल्या माणसाला या दोन वेळा एकच वाटतात. ईस्ट रिव्हर मात्र नावापुरतीच नदी आहे. न्यूयॉर्क बंदर आणि लाँग आयलंड साउंड यांना जोडणारी ती सुमारे 26 किलोमीटरची सामुद्रधुनी आहे आणि समुद्राचे पाणी तिच्यात दोन्ही दारांनी येते. बंदराच्या बाजूला भरती लवकर होते. साउंडच्या बाजूला ती लांबचा वळसा घेऊन सुमारे तीन तास उशिरा पोहोचते आणि तिथे चढउतारही मोठा असतो : बॅटरीला साधारण 1.4 मीटर, तर साउंडच्या बाजूच्या किंग्ज पॉइंटला दोन मीटरांहून अधिक.

पाणी उंच टोकाकडून सखल टोकाकडे वाहते. तुम्ही निघालात तेव्हा बॅटरीला पाणी तळाला होते, पण साउंडच्या टोकाला ते अजून निम्मेच उतरले होते. म्हणजे साउंड उंच, बंदर खाली आणि प्रवाह तुमच्या तोंडावर. पुढे बंदर चढत गेले, साउंड उतरत गेला, दोन्ही पातळ्या जुळल्या आणि त्यानंतर कुठे प्रवाह साउंडच्या दिशेने फिरला. हीच गोष्ट भरतीच्या वेळीही घडते : बॅटरीला भरती उलटून पाणी उतरू लागल्यावरही तासाहून अधिक काळ प्रवाह साउंडकडेच वाहत असतो.

म्हणून या वाटेचा हिशेब निघण्याच्या ठिकाणावरून न करता सर्वांत अडचणीच्या जागेवरून मागे मोजत करावा. ती जागा म्हणजे अस्टोरियाजवळचा हेल गेट. अमेरिकेची नोआ ही समुद्र आणि हवामानाची सरकारी संस्था हेल गेटच्या प्रवाहाच्या वेळा स्वतंत्रपणे देते. साउंडकडचा प्रवाह तिथे सुरू झाल्यावर सुमारे तासाभराने पोहोचायचे ठरवा आणि बॅटरीपासूनचे सुमारे सात सागरी मैल उलटे मोजून निघण्याची वेळ काढा. पाणी स्थिर असतानाच हेल गेट ओलांडण्याचा अट्टहास फसतो, कारण ती स्थिरता काही मिनिटांचीच असते. प्रवाह ऐन जोरात असताना मात्र पाच नॉटपर्यंत पोहोचतो. पाच नॉटने जाणाऱ्या होडीला चार नॉटचा प्रवाह आडवा आला तर ती तासाला एक मैल सरकते, आणि पाठीशी लागला तर नऊ. एवढ्या फरकापुढे चांगले शीड किंवा कुशल हात यांना फारसा अर्थ उरत नाही. या जागेची कीर्ती जुनी आहे. 1885 साली अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी तिथला फ्लड रॉक नावाचा खडक प्रचंड स्फोटाने उडवून दिला. खडक गेले, भोवरे उरले.

मॅनहॅटनच्या उंच इमारतींमध्ये वारा क्षणोक्षणी दिशा बदलतो, म्हणून शिडे उतरवून इंजिनावर जाणेच शहाणपणाचे आहे. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या काळात ईस्ट रिव्हरमधल्या रूझवेल्ट बेटाच्या पश्चिमेचा मार्ग सुरक्षेसाठी बंद करतात. त्या आठवड्यात पूर्वेच्या मार्गावर उचलता येणारा पूल आहे हे लक्षात घ्या.

प्रश्न : गेटवेहून घारापुरीला जाताना होडी नेहमी भलतीकडेच जाते. होकायंत्र तर बरोबर असते. (कुलाबा)

उत्तर : होकायंत्र होडीचे तोंड कुठे आहे ते सांगते, होडी कुठे चालली आहे ते सांगत नाही. या वाटेवर प्रवाह आडवा लागतो : भरतीत डावीकडे, खाडीच्या दिशेने, आणि ओहोटीत उजवीकडे, समुद्राच्या दिशेने. तीन नॉटच्या होडीला घारापुरी गाठायला सुमारे दोन तास लागतात. तेवढ्या वेळात दीड नॉटचा प्रवाह तिला तीन मैल बाजूला नेतो. यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे. बेटावरची एक जवळची आणि तिच्या मागची एक उंचावरची खूण एका रेषेत धरा आणि जवळची खूण ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला होडीचे तोंड वळवत राहा. ऐन प्रवाहात तोंड बेटापासून चांगलेच तिरपे ठेवावे लागेल. ते पाहून बिचकू नका. मोठ्या जहाजांचा मार्ग काटकोनात, रेंगाळत न बसता ओलांडा. प्रवाह किती आहे ते वाटेतल्या बोयांवरून (नांगरलेल्या तरंगत्या खुणांवरून) कळते : बोयाच्या मागे पाण्याची लांब, खळखळती रेघ दिसली तर जोर बराच आहे असे समजावे, आणि तीच रेघ पुसट होऊन बोया सरळ उभा राहू लागला की पाणी फिरण्याची वेळ जवळ आली असे धरून परतीची तयारी करावी.