ब्रिटनमधले फाउंडेशन वर्ष : वाचकांचे प्रश्न

बारावीचे निकाल लागल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत ब्रिटनमधील फाउंडेशन वर्षाविषयीची पत्रे सर्वांत जास्त आहेत. परदेशी विद्यार्थ्याला पदवीच्या पहिल्या वर्षासाठी तयार करणारा हा साधारण एका शैक्षणिक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. काही विद्यापीठे तो स्वतः चालवतात, तर काही ठिकाणी विद्यापीठाच्या आवारातच एखादी खासगी संस्था त्याचे कॉलेज चालवते. सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला महाराष्ट्र मंडळाच्या बारावी विज्ञान परीक्षेत ६१ टक्के मिळाले. थेट प्रवेश मिळणार नाही, मात्र फाउंडेशन केल्यास पुढच्या प्रवेशाची हमी आहे, असे सल्लागार सांगतात. यात तथ्य किती? (एक पालक, नाशिक)

सल्लागारांचे विधान खोटे नाही, पण अर्धे आहे. इंग्लंडमधला विद्यार्थी शाळेची तेरा वर्षे पुरी करून, शेवटची दोन वर्षे ए-लेव्हल या तिकडच्या शालान्त परीक्षेचे तीनच विषय सखोल शिकून पदवीला येतो. आपला विद्यार्थी बारा वर्षांनंतर अधिक विषय, पण त्या मानाने कमी खोलात शिकून बाहेर पडतो. बारावीला उत्तम गुण असतील तर अनेक विद्यापीठे हे अंतर दुर्लक्षित करतात आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला थेट प्रवेश देतात. गुण तेवढे नसतील तर ते अंतर भरून काढण्यासाठी फाउंडेशन वर्ष असते, आणि त्याची पातळी ए-लेव्हलइतकीच धरलेली असते. स्कॉटलंडमधली ऑनर्स पदवी चार वर्षांची असल्यामुळे तेथील काही विद्यापीठांच्या पहिल्या वर्षाच्या अटी बारावीच्या विद्यार्थ्याला जवळच्या वाटू शकतात. तेव्हा फाउंडेशनचे पैसे भरण्यापूर्वी थेट प्रवेशाचे दार खरोखरच बंद आहे का, हे दोन-तीन विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर स्वतः पाहून घ्यावे. फाउंडेशन हे एका पूर्ण वर्षाचे शुल्क असते, आणि ते सुचवणाऱ्याला त्यातून मोबदला मिळत असण्याची शक्यता आपण लक्षात ठेवायला हवी.

आता हमीविषयी. फाउंडेशनला दोन उंबरठे असतात आणि पालकांचे सारे लक्ष पहिल्याकडेच लागलेले असते. पहिला उंबरठा प्रवेशाचा. तो बेताचा असतो आणि ६१ टक्क्यांवर तो ओलांडता येईल अशी कॉलेजे सापडतात. (सगळीकडे मात्र तो बेताचा नसतो. लंडनचे यूसीएल (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) स्वतःच्या फाउंडेशनसाठी वेगळी प्रवेशपरीक्षा घेते.) दुसरा उंबरठा वर्षाच्या शेवटी येतो. फाउंडेशनमधून पदवीकडे जाण्याच्या या टप्प्याला तिकडे ‘प्रोग्रेशन’ म्हणतात आणि खरी शैक्षणिक अट तिथे असते. तुम्हाला सांगितलेली हमी ही अट पुरी करणाऱ्यासाठीच असते. ही अट सहसा तिहेरी असते : एकूण सरासरी अमुक, विशिष्ट विषयात, उदाहरणार्थ अभियांत्रिकीसाठी गणितात, अमुक, आणि शैक्षणिक इंग्रजीच्या विषयात वेगळे अमुक. तिन्हींपैकी दोन पुऱ्या झाल्या आणि तिसरीत दोन गुण कमी पडले, तरी त्या पदवीचा प्रवेश हातचा जाऊ शकतो.

येथे गुणांच्या मोजपट्टीचा घोळ होतो, म्हणून थोडे थांबून सांगतो. तिकडच्या विद्यापीठांत उत्तीर्ण होण्याची रेषा साधारण ४० गुणांची असते आणि ७० च्या वर गेले की ते प्रथम श्रेणीचे काम मानले जाते. आपल्याकडे नव्वदीचे आकडे पाहायची सवय झालेल्या घरात ‘६० टक्के हवेत’ ही अट किरकोळ वाटते. प्रत्यक्षात वर्गात बऱ्यापैकी मानल्या जाणाऱ्या निबंधाला तिथे ५८ मिळतात. उत्तीर्ण होणे आणि प्रोग्रेशनची अट पुरी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४० गुणांनी प्रमाणपत्र हाती पडेल, पण त्याने पदवीचे दार उघडेलच असे नाही. शिवाय आपल्याकडच्या एटीकेटीसारखी सोय, म्हणजे राहिलेला विषय पुढच्या वर्गात गेल्यावर सोडवू, अशी तिथे धरून चालू नये. फेरपरीक्षा असते, परंतु अनेक ठिकाणी फेरपरीक्षेचे गुण उत्तीर्णतेच्या रेषेवरच गोठवले जातात. तुम्ही ७२ गुणांचा पेपर लिहिला तरी पत्रिकेवर ४० येतात आणि सरासरी खाली ओढली जाते.

म्हणून सल्लागारांकडे एकच गोष्ट लेखी मागावी : ज्या पदवीसाठी मुलीला जायचे आहे, त्या पदवीच्या नावासमोरची यंदाची प्रोग्रेशनची अट. ‘विज्ञान शाखेसाठी साधारण इतके’ असे उत्तर आले तर ते उत्तर नाही, कारण एकाच विद्यापीठात जीवशास्त्राची अट आणि संगणकशास्त्राची अट यांत बरेच अंतर असू शकते. वैद्यक आणि दंतवैद्यक तर बहुतेक फाउंडेशन अभ्यासक्रमांच्या यादीत नसतातच.

प्रश्न : मला बारावीला इंग्रजीत ८४ गुण आहेत आणि माझे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले. माझ्या मैत्रिणीला पदवीचा प्रवेश आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेशिवाय मिळाला, मला मात्र फाउंडेशनसाठी ही परीक्षा सक्तीची सांगितली. खालच्या वर्गाला जास्त कडक अट कशी? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर विद्यापीठाच्या नियमांत नसून व्हिसाच्या नियमांत आहे. पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमासाठी, चांगली नोंद असलेल्या उच्चशिक्षण संस्थेला विद्यार्थ्याचे इंग्रजी स्वतः पारखून घेण्याची मुभा आहे. म्हणून तुमच्या मैत्रिणीचे बारावीचे गुण चालले. स्वतंत्र फाउंडेशन वर्ष हा पदवीखालचा अभ्यासक्रम ठरतो आणि तेथे ही मुभा नाही. ब्रिटनच्या गृहखात्याने मान्य केलेली सुरक्षित परीक्षा द्यावी लागते आणि वाचन, लेखन, श्रवण, संभाषण या चारही भागांत भाषाज्ञानाच्या युरोपीय मोजपट्टीवरची किमान ‘बी-१’ पातळी लागते. आयईएलटीएसच्या भाषेत ती प्रत्येक भागात ४.० होते. पदवीसाठीची ‘बी-२’ पातळी म्हणजे प्रत्येकी ५.५. हे झाले व्हिसाचे किमान. कॉलेजे स्वतःची अट सहसा त्याहून वर ठेवतात.

परीक्षेची नोंदणी करताना ‘आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय’ हेच नाव निवडावे. प्रश्नपत्रिका साध्या आयईएलटीएससारखीच असते, पण साध्या परीक्षेचा निकाल या व्हिसासाठी चालत नाही. या एका चुकीपायी परीक्षेचे शुल्क दुसऱ्यांदा भरावे लागते. निकाल दोन वर्षे ग्राह्य राहतो.

एक पर्याय तुम्हाला कदाचित सांगितला गेला नसेल. काही विद्यापीठांत फाउंडेशन वर्ष पदवीतच गुंफलेले असते आणि ती पदवी चार वर्षांची म्हणून नोंदलेली असते. तेथे सुरुवातीपासून पदवीचाच विद्यार्थी म्हणून प्रवेश होत असल्याने इंग्रजीची पारख विद्यापीठ करू शकते, आणि व्हिसासाठी विद्यापीठ जे ‘कॅस’, म्हणजे प्रवेश पक्का असल्याचे पत्र, देते ते एकदाच घ्यावे लागते. स्वतंत्र फाउंडेशननंतर बहुधा नवे कॅस, नवा व्हिसा अर्ज आणि व्हिसासोबत तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा आरोग्य अधिभार हे सारे पुन्हा येते.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेतून बारावी झालो, गणित घेतले नव्हते. अर्थशास्त्राच्या पदवीसाठी फाउंडेशन करता येईल का? (एक विद्यार्थी, ठाणे)

फाउंडेशनला प्रवेश बहुधा मिळेल, अर्थशास्त्राला मिळेल असे सांगवत नाही. फाउंडेशनमधल्या व्यवसाय-व्यवस्थापनाच्या विषयगटासाठी पुष्कळ ठिकाणी दहावीचे गणित पुरते. अर्थशास्त्राची पदवी, विशेषतः नावाजलेल्या विद्यापीठांतली, कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) तयारी गृहीत धरते, आणि दहावीनंतर गणित सोडलेल्या विद्यार्थ्याने ती एका वर्षात, परक्या देशात, बाकीचे विषय सांभाळून करणे कष्टाचे आहे. अर्ज करताना दोन गोष्टी विचाराव्यात : गटात प्रगत गणिताचा विषय आहे का, आणि बारावीला गणित नसलेल्याला तो घेऊ देतात का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर तो गट घेऊन अर्थशास्त्राची आशा धरू नये. मधल्या महिन्यांत बारावी विज्ञानाचे गणिताचे पुस्तक आणून अवकलनाची प्रकरणे सोडवून पाहावीत. ती कितपत जमतात, यावरून तुमचा निर्णय सोपा होईल.

प्रश्न : अकरावीनंतरही फाउंडेशनला घेतात असे कळले. मुलाचे एक वर्ष वाचेल, म्हणून आम्ही बारावी सोडून त्याला पाठवण्याचा विचार करीत आहोत. पदवीनंतर तो परत येऊन स्पर्धा परीक्षा देणार आहे. (एक पालक, सातारा)

काही कॉलेजे अकरावीच्या चांगल्या गुणांवर घेतात, हे खरे. परंतु मुलगा परत येणार असेल तर मी हा सल्ला देणार नाही. भारतात पुढे पदवीची समकक्षता तपासताना त्याआधीची बारा वर्षांची शालेय पायरी पाहिली जाते, आणि फाउंडेशन वर्ष बारावीच्या जागी धरले जाईल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात शैक्षणिक पात्रता परस्परांनी मान्य करण्याचा करार झाला, त्यामुळे बारावी, मग पदवी असा सरळ मार्ग असलेल्यांची सोय झाली. तिथली एक वर्षाची पदव्युत्तर पदवीही त्यात आली. अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, कायदा आणि वास्तुशास्त्र या व्यावसायिक पदव्या मात्र त्या कराराबाहेर आहेत, तेव्हा मुलाचा कल यांपैकी कशाकडे असेल तर संबंधित भारतीय परिषदेचे नियम आधी पाहावेत.

आणखी एक. अकरावीनंतर मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असेल. अठरा पूर्ण नसलेल्या विद्यार्थ्याला पालकांचे लेखी संमतिपत्र आणि तेथील राहण्याची व देखरेखीची व्यवस्था दाखवावी लागते. वाचलेल्या एका वर्षाची ही किंमत जास्त आहे, असे माझे मत आहे.

प्रश्न : फाउंडेशन करताना नोकरी करून खर्चाला हातभार लावता येईल का? वर्गाला रोज जावे लागते का? (एक विद्यार्थी, फोंडा)

मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थेच्या पदवीखालच्या अभ्यासक्रमात सत्र चालू असताना आठवड्याला १० तासांपर्यंतच कामाची परवानगी असते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी हे २० तास आहेत आणि जाहिरातींत सहसा तोच आकडा दिलेला असतो. उलट, या पातळीच्या अभ्यासक्रमाला आठवड्यात किमान १५ तास वर्गातले शिक्षण असावे लागते आणि तेही सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळात. हजेरीची नोंद काटेकोर असते, कारण गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याची माहिती गृहखात्याला कळवणे ही कॉलेजची जबाबदारी असते. आपल्याकडे सत्राच्या शेवटी ‘डिफॉल्टर’ यादी लागते, अर्ज-विनंत्या होतात आणि बहुतेकांना परीक्षेला बसू दिले जाते. तिथे कॉलेजने व्हिसासाठी दिलेला पाठिंबा काढला की व्हिसाच संपुष्टात येऊ शकतो. खर्चाचे गणित नोकरी शून्य धरून मांडावे.

प्रश्न : दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांचा यंत्र अभियांत्रिकी डिप्लोमा केला आहे. मलाही फाउंडेशन लागेल का? (एक विद्यार्थी, सांगली)

चांगल्या गुणांच्या डिप्लोमाधारकाचा विचार अनेक विद्यापीठे पदवीच्या पहिल्या, क्वचित दुसऱ्या वर्षासाठी करतात. विषयवार गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत सोबत जोडून आधी तेथे अर्ज करावा, फाउंडेशनचा विचार नंतर.

प्रश्न : मी सध्या इंग्लंडमध्ये फाउंडेशन करीत आहे. पहिल्या सत्रात सरासरी ५४ आली, माझ्या पदवीची अट ६२ आहे. घरी अजून सांगितलेले नाही. आता काय करता येईल? (नाव व गाव दिलेले नाही)

प्रथम भारांश पाहा. अनेक अभ्यासक्रमांत पहिल्या सत्राचे वजन कमी असते आणि शेवटच्या परीक्षांचे जास्त. समजा पहिल्या सत्राला एकूण गुणांपैकी २० टक्के वजन असेल, तर उरलेल्या ८० टक्क्यांत सरासरी ६४ आणल्यास ६२ गाठता येतात. हे अवघड असले तरी आवाक्यातले आहे. वजन ४० टक्के असेल तर उरलेल्या भागात ६७ हून थोडे अधिक लागतील. हा हिशेब तुमच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेवरून मांडा आणि तो कागद घेऊन विषयशिक्षकांना भेटा. ५४ गुण नेमके कुठे गेले हे त्यांच्या शेऱ्यांत असते. आपल्याकडून गेलेल्या विद्यार्थ्यांचे गुण पुष्कळदा आशयात कमी आणि मांडणीत जास्त जातात : संदर्भ नीट न देणे, पुस्तकातली वाक्ये जशीच्या तशी उतरवणे, विचारलेल्या प्रश्नाऐवजी पाठ असलेले सारे लिहून काढणे. यांतली दुसरी सवय तर वाङ्मयचौर्यात मोजली जाते आणि त्याची चौकशी होते. या उणिवा दोन महिन्यांत भरून निघू शकतात, गणितातला कच्चा पाया निघत नाही.

परीक्षेच्या काळात आजारपण किंवा घरी मोठा प्रसंग घडला असेल तर सवलतीचा अर्ज ठरलेल्या मुदतीत, कागदपत्रांसह करावा लागतो. निकाल लागल्यावर सांगितलेले कारण सहसा ऐकून घेतले जात नाही.

दुसरीकडे पर्याय उघडे ठेवा. त्याच विद्यापीठात जवळच्या विषयाच्या पदवीला कमी गुण लागतात का, आणि तुमचे प्रमाणपत्र दुसरी कोणती विद्यापीठे मानतात, याची यादी कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात मिळेल. बाहेरच्या विद्यापीठांचे अर्ज ‘यूकॅस’ या केंद्रीय व्यवस्थेतून होतात. त्याची मुख्य मुदत जानेवारीत असते, पण जागा शिल्लक असलेले अभ्यासक्रम त्यानंतरही अर्ज घेतात आणि उन्हाळ्यात ‘क्लिअरिंग’ या शिल्लक जागा भरण्याच्या फेरीत आणखी जागा निघतात. दुसऱ्या कॉलेजात फाउंडेशनच पुन्हा करण्याचा विचार मात्र व्हिसाच्या दृष्टीने अडचणीचा आहे, कारण तेथे राहून नवा अर्ज करताना पुढचा अभ्यासक्रम सामान्यतः आधीच्याहून वरच्या पातळीचा असावा लागतो. सध्याच्या व्हिसाची अखेरची तारीख आजच पाहून ठेवा, कारण पुढचा अर्ज त्या तारखेच्या आत करावा लागेल.

घरी या आठवड्यातच सांगा. पुढचे शुल्क भरण्याची तारीख जवळ येत असेल, आणि ते कोणत्या विद्यापीठासाठी भरायचे हे तुमच्या वडिलांना ५४ हा आकडा कळल्याशिवाय ठरवता येणार नाही.