ब्लेंडला दोष देण्याआधी शेजारचे सरफेस तपासा

मिक्सरच्या थ्रीडी मॉडेलमध्ये हँडल बॉडीला जोडताना ब्लेंड (दोन सरफेसना, म्हणजे पृष्ठभागांना, जोडणारा मधला सरफेस) जी-टू, म्हणजे जोडावर वक्रताही जुळणारा, दिलाय, सॉफ्टवेअरही तसंच सांगतंय, तरी प्रतिबिंब तपासायच्या झेब्राच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या जोडाजवळ वळवळतात, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा स्क्रीनशॉट बघून पोटात गोळाच आला. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे हेच झालं होतं.

माझी चूक ब्लेंडमध्ये नव्हतीच. बॉडीचा सरफेस मी पॅच कमांडने (दिलेल्या कर्व्हवर सरफेस बसवणारी) केला होता आणि तो कर्व्हना नीट चिकटावा म्हणून स्पॅन, म्हणजे सरफेसमधले तुकडे, वाढवत नेले होते. त्या सरफेसच्या ट्रिम केलेल्या (कापलेल्या) कडेवर ब्लेंड बसवला. ब्लेंड शेजाऱ्याची वक्रता घेतो. शेजारीच लाटा असतील तर त्या लाटाही इमानदारीने घेतो. मी मात्र दहा-बारा दिवस ब्लेंडचेच स्लायडर हलवत बसलो.

सपोर्टला विचारलं. उत्तर आलं, ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट करा. तीन वेळा फाइल पाठवली, एकदाही कुणी कंट्रोल पॉइंट (सरफेसचा आकार ठरवणारे बिंदू) चालू करून बघितले नाहीत. याचा राग अजून आहे. तारीख तोंडावर होती, मी फाइल साचा बनवणाऱ्या टूल रूमला दिली. पहिल्या ट्रायलचा काळा ग्लॉसी पीस ट्यूबलाइटखाली धरला, तर प्रतिबिंब जोडाच्या बोटभर आधीपासूनच थरथरत होतं. साच्यातल्या कॅव्हिटीचा इन्सर्ट (बदलता येणारा भाग) नवा करावा लागला.

म्हणून माझं ठाम मत: बॉडी आणि हँडल दोन्ही आधी डिग्री ५ (डिग्री म्हणजे एका स्पॅनमध्ये किती पॉइंट बसतात ते ठरवणारा आकडा), एकाच स्पॅनचे, विनाट्रिम करा. कर्व्हपासून थोडं सुटलं तरी चालेल. ते एकमेकांत आरपार जाऊ द्या, मग कडा मागे घेऊन मधली जागा ब्लेंडला द्या. डिग्री ५च का? जी-टूला प्रत्येक टोकाचे तीन कंट्रोल पॉइंट लागतात, आणि डिग्री ५च्या एका स्पॅनमध्ये बरोबर सहा असतात. दोन्ही टोकांना जी-थ्री (वक्रता बदलण्याचा वेगही जुळणारा) हवा असेल तर आठ, म्हणजे डिग्री ७.

जागा देताना हात आखडू नका. काटकोनात ५ मिमी त्रिज्येचा फिलेट (साधी गोलाई) दोन्ही बाजूंना ५-५ मिमी घेतो. तेवढ्यातच जी-टू कोंबला तर मधला भाग टोकदार होतो.

झेब्रा बघण्याआधी डिस्प्ले मेश (सरफेस स्क्रीनवर दाखवणारी जाळी) बारीक करा, नाहीतर चांगला सरफेसही तुटका दिसतो. शिवाय जोडाला आडवे सेक्शन (छेद) काढून त्यांवर कर्व्हेचर ग्राफ (वक्रतेचा आलेख) लावा. झेब्रात सुटलेली लाट तिथे पकडता येते.

मी ऱ्हायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरवर प्लास्टिकचे पार्ट करतो. गाड्यांच्या क्लास-ए (बाहेरून दिसणाऱ्या सरफेसच्या) कामाचे निकष याहून कडक असतात, तिथे माझं प्रमाण धरू नका. आणि पार्टवर टेक्स्चर येणार असेल तर एवढा जीव काढायची गरजही नाही. ग्लॉसी असेल तर मात्र बॉडीचे कंट्रोल पॉइंट चालू करून स्क्रीनशॉट टाका, आज रात्री बघतो.