प्रशिक्षण दिले तर परिचारिका टिकतील का?

प्रश्न : इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात मी मेट्रन आहे. आम्ही परिचारिकांना व्हेंटिलेटर हाताळणे, जंतुसंसर्ग-नियंत्रण वगैरे शिकवतो. पण तयार झालेल्या मुली सरकारी भरती निघाली की सोडून जातात. हा खर्च वाया जातो, असे व्यवस्थापन म्हणते. प्रशिक्षणाने संस्थेविषयी बांधिलकी वाढते का?
– एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : या विषयावर संशोधक केनेथ बार्टलेट यांनी अमेरिकेतील पाच रुग्णालयांच्या 337 परिचारिकांची पाहणी करून 2001 मध्ये निष्कर्ष मांडले. प्रशिक्षणाची संधी आपल्याला मिळते, वरिष्ठ व सहकारी त्यासाठी पाठबळ देतात आणि शिकल्याचा उपयोग होतो, असे ज्यांना वाटत होते, त्यांची बांधिलकी अधिक आढळली. प्रश्नावलीवरच्या या पाहणीतून प्रशिक्षणामुळेच बांधिलकी वाढली असे सिद्ध होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मेयर आणि ॲलन या संशोधकांनी 1991 मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले : संस्थेविषयीची आपुलकी, सोडल्यास होणाऱ्या नुकसानीचा हिशेब आणि राहणे हे आपले कर्तव्य आहे ही भावना. बार्टलेट यांना प्रशिक्षणाचा सर्वांत घट्ट संबंध आपुलकीशी दिसला. ठरावीक मुदतीपर्यंत नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेतल्याने फक्त नुकसानीचा हिशेब वाढतो. मुदत संपताच राजीनामा येतो, आणि याचे आश्चर्य वाटू नये.

म्हणून आपल्याकडे वर्ग कधी भरतो, हे आधी पाहा. रात्रपाळी संपवून, चार्ज देऊन, डोळ्यांवर झोप असताना सिस्टरला व्हेंटिलेटरच्या अलार्मवरील व्याख्यानाला बसवले, किंवा तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावले, तर ते प्रशिक्षण तिला शिक्षाच वाटणार. वर्ग ड्यूटीच्या वेळेत घ्यावा आणि तेवढा वेळ वॉर्डात बदली माणूस द्यावा. अतिदक्षता विभागाचे काम शिकलेल्या परिचारिकेला पुन्हा जनरल वॉर्डात टाकू नये. वापरात न राहिलेले कौशल्य विसरते आणि मनात राग उरतो. कोणाला पाठवायचे, याची यादी सर्वांसमोर लावावी, म्हणजे मर्जीतल्यांनाच संधी मिळते ही कुजबुज थांबेल. इन्चार्ज सिस्टरलाही त्या वर्गात बसवा, कारण नव्याने शिकलेली पद्धत वॉर्डात चालू द्यायची की ‘आमच्याकडे असेच करतात’ म्हणून मोडून काढायची, हे तिच्याच हातात असते.

पगाराची उणीव प्रशिक्षणाने भरून निघत नाही. सरकारी नोकरीची सुरक्षितता ओढणारच. काही मुली जातील. व्यवस्थापनापुढे खर्च मांडताना, गेलेल्या परिचारिकेच्या जागी नवी नेमून ती एकटीने पाळी सांभाळू लागेपर्यंत येणारा खर्चही त्याच कागदावर लिहा.