ओव्हर पलंगापाशीच घे

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाइटच्या सिस्टरने टेबलावर वही उघडून पाच मिनिटांत ओव्हर दिली, म्हणजे पाळी बदलताना पेशंट तुझ्या ताब्यात दिले, 'सगळे ठीक आहेत' म्हणाली आणि स्वारगेटची बस गाठायला निघून गेली. नऊ वाजता चार नंबरच्या आजोबांचा हात सलाइनने टम्म फुगलेला निघाला. इन्चार्जने तुला झापलं, नातेवाइकांनी मोबाइल काढला. आता विचारतेस, सीनिअरशी वाकडं घ्यावं, गप्प बसावं की नोकरीच सोडावी?

यातलं काहीच नको. ओव्हर पलंगापाशी घे. पहिल्या दिवसापासून, प्रत्येक पेशंटची, समोर कोणीही सीनिअर असो.

पलंगापाशी म्हणजे नुसतं पायथ्याशी उभं राहून मान हलवणं नव्हे. आधी पेशंटला नाव विचार. 'तुम्ही पाटील ना?' असं विचारू नकोस, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हण आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघ. मग पांघरूण बाजूला करून व्हेनफ्लॉनची, म्हणजे शिरेत घातलेल्या सलाइनच्या बारीक नळीची, जागा बघ, बोटाने हलकेच दाब. कातडी गार, फिकी, ताणलेली असेल तर सलाइन शिरेबाहेर चाललंय. लाल, गरम, दुखरी असेल तर शीर सुजायला लागलीय. साधं सलाइन असेल तर दोन्ही वेळा ते बंद करून व्हेनफ्लॉन काढायचं आणि जागा बदलायची. व्हेनफ्लॉनवरच्या चिकटपट्टीवर तारीख नसेल तर कधी घातलं ते तिथल्या तिथे विचार. हे आठ वाजता दोघींच्या समोर झालं असतं तर त्या हाताचा जाब तुला एकटीला कोणी विचारला नसता, आणि मुख्य म्हणजे आजोबांना आणखी तासभर ते सोसावं लागलं नसतं.

मग बाटली. किती उरलीय आणि आत काय घातलंय? पोटॅशियम घातलेल्या बाटलीवर लेबल नसेल तर ती बाटली तू पुढे चालवायची नाहीस. केसीएलच्या, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच्या, १० मिलीच्या अँप्यूलमध्ये साधारण २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ५०० मिलीच्या भरल्या बाटलीत ते ठीक आहे, पण बाटली अर्धी संपल्यावर कोणी घातलं तर तेच दुप्पट तीव्र झालं. लटकत्या बाटलीत टोचून न हलवता सोडलं तर जड द्रव तळाशी बसतो आणि आधी तोच नळीत उतरतो. टेबलावरच्या वहीत यातलं काय दिसणार आहे, सांग बरं! थेंबही मोज. मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सेटने ५०० मिली आठ तासांत द्यायचं तर मिनिटाला २१ थेंब.

युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, जाणाऱ्या सिस्टरसमोर रिकामी करून घे, म्हणजे तिचं माप तिच्या पाळीत आणि तुझं तुझ्या. ऑक्सिजनच्या मीटरवर आकडा बघून थांबू नकोस, नळी हाताने भिंतीपर्यंत तपास. झोपून असलेल्या पेशंटला दोघी मिळून कुशीवर वळवा आणि माकडहाड नि टाचा बघा. जखम आधीपासूनची असेल तर आताच लिहिली जाते. नंतर दिसली तर ती तुझ्या पाळीत झाली असंच धरतात.

सगळ्यात घातक म्हणजे आठ वाजताचा डोस. तिला वाटतं दिवसाची देईल, तुला वाटतं नाइटने दिला. मग एक तर चुकतो नाहीतर दोनदा जातो. चार्टवर सही दाखवायला सांग. सही नाही म्हणजे विचारायचं, अंदाज बांधायचा नाही.

आता तू म्हणशील, सीनिअर ऐकत नाहीत. वाद घालूच नकोस. फाइल उचल, 'ताई, चला, तुमची बस चुकायला नको' म्हण आणि सर्वात गंभीर पेशंटच्या पलंगाकडे चालायला लाग. त्या मागे येतात. सहा पेशंटना पंधरा मिनिटं पुरतात, मात्र त्यासाठी तूही पावणेआठलाच वॉर्डात हवीस. कात्रजहून निघायला रोज उशीर होतो हे कारण मला सांगू नकोस, आधीची बस पकड.

आमच्या पिढीच्या सिस्टरांनी ही सवय वॉर्डात मुरू दिली नाही, वहीवरच भागवलं, याची खंत मला कायम राहील. मी मात्र इन्चार्ज असताना पोरींना पलंगापाशी उभं करतच राहिले. खडूस म्हणायच्या, मागे नावं ठेवायच्या. ठेवू देत. बारा तासांची पाळी करून पाय दुखत असताना आणखी पंधरा मिनिटं उभं राहायला लावणं हा जाच नव्हता, आणि तसं मला आजही कोणी पटवून देऊ शकणार नाही. तुझ्यावर चिडतेय असं वाटत असेल तर चिडतेच आहे गं, कारण तुझे हात चांगले आहेत आणि तू निघून जायच्या गोष्टी करतेस.

पुढच्या आठवड्यात तुझी नाइट आहे. म्हणजे ओव्हर तू देणार आणि बसची घाई तुला असणार. सकाळी सहापासून तयारीला लाग. औषध हळूहळू सोडणाऱ्या पंपाची सिरिंज संपत आली असेल तर पुढची भरून, औषध, मात्रा आणि वेळ लिहिलेलं लेबल लावून ठेव. फोनवर घेतलेल्या ऑर्डरवर डॉक्टरांची सही घे. आणि उद्याच्या उद्या फ्रिजमधलं इन्सुलिन बघ. तुमच्याकडे मिलीला ४० युनिटच्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) आणि मिलीला १०० युनिटच्या व्हायल एकाच ट्रेमध्ये असतात असं तू लिहिलंयस. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. १०० च्या व्हायलमधून लाल सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत ओढलं तर पेशंटला २५ युनिट जातात. दोन ट्रे वेगळे करून घे, प्रत्येकात त्याच्याच सिरिंज ठेव, आणि इन्चार्ज काय म्हणाल्या ते मला कळव.

तुझी,
मावशी