सरासऱ्यांची सरासरी

प्रश्न : मी संख्याशास्त्रात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बिग डेटामध्ये करिअर करायची इच्छा आहे. एका क्लासमध्ये सहा महिन्यांत हडूप, हाइव्ह, स्पार्क, काफ्का सगळं शिकवतात, पण तिथले बहुतेक जण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचे आहेत. मला थोडंफार पायथन येतं, लॅपटॉप 8 जीबी रॅमचा आहे. मी मागे पडेन का? क्लास लावू का?

उत्तर : क्लास आत्ता लावू नकोस. तुझ्या पत्रात चार अवजारांची नावं आहेत, पण ती कशासाठी लागतात याबद्दल एक ओळही नाही. तेवढं कळेपर्यंत फी भरायची घाई कशाला?

ही अवजारं आली कुठून, ते आधी बघ. गूगलच्या अभियंत्यांनी 2003 आणि 2004 मध्ये दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. अवाढव्य फायली पुष्कळ साध्या मशीनवर कशा साठवायच्या हे पहिल्यात होतं, त्यांच्यावर हिशेब कसा चालवायचा हे दुसऱ्यात. त्या दुसऱ्या पद्धतीचं नाव मॅपरिड्यूस. या दोन्ही निबंधांवरून डग कटिंग आणि माइक कॅफरेला या प्रोग्रामरांनी हडूप ही प्रणाली उभी केली. हे नाव कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातल्या पिवळ्या हत्तीचं! हडूप फाइलचे सहसा 128 एमबीचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवतं, कारण एवढ्या मशीनमध्ये एखादी बंद पडणारच हे त्यात धरूनच चाललेलं आहे. मॅपरिड्यूस दर टप्प्याला निकाल डिस्कवर लिहायचं. बर्कली विद्यापीठात 2009 मध्ये सुरू झालेल्या स्पार्कने तो जमेल तिथे मेमरीत ठेवला आणि वेग वाढला. आज हाताने मॅपरिड्यूस लिहिणारे विरळाच. क्लासच्या माहितीपत्रकांवर मात्र हत्ती अजून ठाण मांडून असतो.

आता तू मागे पडशील का, याबद्दल. मतमोजणी डोळ्यांपुढे आण. प्रत्येक टेबल आपापला गठ्ठा मोजतं आणि पुढे फक्त बेरीज पाठवतं, मतपत्रिका जागच्या हलत नाहीत. बिग डेटाचं निम्मं शहाणपण एवढंच आहे. पण सरासरी काढायची असेल तर? एका टेबलावर 10 जणांची सरासरी 90, दुसऱ्यावर 1000 जणांची 40. दोन सरासऱ्यांची सरासरी काढलीस तर 65 येते, खरं उत्तर साधारण 40.5. म्हणजे टेबलाने सरासरी नव्हे, बेरीज आणि संख्या पाठवायला हवी. आणि मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा? तो तुकड्यांच्या मध्यकांवरून निघतच नाही. कोणता हिशेब तुकड्यांत मोडतो, कोणता मोडत नाही आणि कुठे अंदाजावर भागतं, हे ओळखणं तुझ्या विषयाचंच काम आहे. फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मांडलेली हायपरलॉगलॉग ही पद्धत वाचून बघ. यादीत वेगवेगळी नावं किती, हे ती अब्जावधी नोंदींतूनही जेमतेम दीड केबी मेमरीत, साधारण 2 टक्के चुकीने सांगते. ती अवजार म्हणून वापरणारे पुष्कळ भेटतील, तिचं गणित तुला पेलेल.

माझ्या नोकरीच्या दिवसांतली गोष्ट. रात्री स्पार्कला दिलेलं एक काम, म्हणजे जॉब, अडकला. त्याच्या 200 तुकड्यांपैकी, म्हणजे टास्कपैकी, 199 काही मिनिटांत संपले, शेवटचा हलेना. मशीन वाढवल्या, फरक शून्य. पहाटे कुणीतरी ज्या रकान्यावरून दोन तक्ते जोडले जात होते त्याचं साधं वारंवारता कोष्टक काढलं. निम्म्याहून जास्त ओळींत तो रकाना रिकामा होता आणि त्या सगळ्या रिकाम्या ओळी त्या एकाच टास्कच्या गळ्यात पडल्या होत्या. त्या ओळी बाजूला काढल्या आणि जॉब धावला. वारंवारता कोष्टक तू पहिल्या वर्षाला शिकलीस, आम्हाला ते पहाटे आठवलं.

कच्ची असशील ती लिनक्सच्या कमांड लाइनमध्ये आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये. ते सवयीने येतं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, मात्र मन लावून कर. 1970 च्या दशकातली ही भाषा संपली असं मध्यंतरी बोललं जायचं, शेवटी हडूपवर चालणारं हाइव्ह आणि स्पार्क दोघांनाही तिच्याच दारात यावं लागलं. काफ्का सतत येत राहणारा डेटा वाहून नेतं, ते सध्या राहू दे.

लॅपटॉपची काळजी सोड. पायथनने खोट्या नोंदींची 10 जीबीची सीएसव्ही फाइल बनव. एक्सेल 10,48,576 ओळींच्या पुढे जाणार नाही. पायथनच्या पांडाज लायब्ररीत एकदम उघडलीस तर मेमरी संपेल, ती मुद्दाम संपू दे. मग तीच फाइल तुकड्यातुकड्याने वाच, नंतर एसक्यूएलने, आणि शेवटी स्पार्कने. स्पार्क एकट्या लॅपटॉपवरही चालतो, त्याला क्लस्टरच, म्हणजे मशीनचा ताफाच, लागतो असं नाही.

एक मात्र स्वतःला विचार. डेटा इंजिनिअरचा दिवस बहुतेक डेटा इकडून तिकडे नेणाऱ्या पाइपलाइन दुरुस्त करण्यात जातो आणि रात्री फोनही येतात. तुला मॉडेल बनवण्यातच रस असेल तर ती वाट वेगळी, तिथे यातलं अर्धंच पुरेल.

त्या 10 जीबीच्या फाइलमधल्या एका रकान्याचा मध्यक काढून बघ आणि कुठे अडलीस ते कळव. सोबत क्लासचा अभ्यासक्रमही पाठव, म्हणजे त्या सहा महिन्यांतले कोणते दोन तुझ्या कामाचे आहेत ते खुणा करून सांगतो.