रक्त, कर्ज आणि कोरियन मालिका : वाचकांचे प्रश्न

(‘स्क्विड गेम’ अजून पाहायची असेल त्यांनी जपून वाचावं. उत्तरांत कथानक उघडं पडतं.)

प्रश्न : सिनेमात कुणी सुरा काढला की मी उठून स्वयंपाकघरात जाते. तरीही ‘स्क्विड गेम’च्या पहिल्या सीझनचे नऊच्या नऊ भाग पाहून संपवले. मारधाडीचा तिटकारा असलेल्या माणसाचं असं का व्हावं? — एक वाचक, फोंडा

उत्तर : तुम्हाला रक्तानं नाही, हिशेबानं धरून ठेवलं. कर्जात बुडालेली माणसं पैशासाठी पोरांचे खेळ खेळतात, हरला तो मेला, ही या मालिकेची गोष्ट. खेळाडू 456, आणि प्रत्येकाच्या जिवाची किंमत 10 कोटी वॉन (कोरियन चलन). 2021 च्या दरानं साधारण साठ लाख रुपये. माणूस मेला की छताला टांगलेल्या काचेच्या डुकरात तेवढ्या नोटा पडतात. त्यामुळे मरण दोनदा दिसतं : एकदा माणूस कोसळताना आणि एकदा बक्षीस फुगताना. दुसऱ्या वेळी आपणही मनातल्या मनात बेरीज करतो, आणि करतोय हे लक्षात येईपर्यंत पुढचा भाग सुरू झालेला असतो.

दुसरी गोष्ट नियमांची. खेळ पोरांचे, अर्ध्या मिनिटात समजणारे आणि सगळ्यांना सारखे. वशिला, पदवी, घराणं यातलं काहीच नसल्यामुळे जे बाहेर मागं पडले, त्यांना आत प्रथमच बरोबरीची वागणूक मिळाल्यासारखी वाटते. पुढचा खेळ आधी कळवून घेणारा डॉक्टर आणि त्याला फितूर झालेले पहारेकरी यांना मारून त्यांची प्रेतं सगळ्यांसमोर टांगतात. मेलेल्यांचे अवयव विकले हा त्यांचा गुन्हा नव्हेच, समानता मोडली हा गुन्हा.

आणि मग काचेचा पूल येतो. सोळा माणसं, काचांच्या अठरा जोड्या, सोळा मिनिटं. जोडीतली एक काच भक्कम, दुसरी पाय ठेवताच फुटणारी. सगळ्यात पुढच्या माणसानं नुसत्या अंदाजानं पलीकडे पोचण्याची शक्यता 2,62,144 मध्ये 1. सगळ्यात मागच्याला मात्र पुढच्यांनी मरून दाखवलेली वाट आयती मिळते. नियम एकच, रांगेतली जागा वेगळी. त्यात एक खेळाडू काच कारखान्यात वर्षानुवर्षं राबलेला निघतो. उजेड कसा परावर्तित होतो ते पाहून तो भक्कम काच ओळखू लागतो, आणि वरून दिवे घालवले जातात! हातातलं कसब चालायचं नाही, नशीबच चालायचं. आमच्या मते मालिकेला जे म्हणायचं आहे ते सगळं इथे म्हणून झालं आहे. शेवटचा सामना नसता तरी फार बिघडलं नसतं.

प्रश्न : आमच्याकडे खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रक दारात उभे आणि बँकेचे हप्ते चालूच, अशी कित्येक घरांची गत झाली. त्यामुळे मालिकेचा कर्जात बुडालेला नायक गी-हून ओळखीचा वाटला. पण कोरियासारख्या श्रीमंत देशात खरंच असं असतं, की लेखकानं तिखटमीठ लावलंय? — एक वाचक, डिचोली

उत्तर : तिखटमीठ खेळांना लावलंय, कर्जाला नाही. 1997 च्या आर्थिक संकटात कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. एकदा चिकटलेली नोकरी निवृत्तीपर्यंत टिकते हा भरवसा तेव्हा मोडला, कंत्राटी कामं वाढली, आणि माणसं कर्ज काढून तळलेल्या कोंबडीची दुकानं टाकू लागली. मालिका आली त्या 2021 साली तिथल्या कुटुंबांचं एकूण कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नापेक्षा जास्त होतं.

गी-हून आधी मोटार कारखान्यात होता. पडद्यावर कंपनीचं नाव ‘ड्रॅगन मोटर्स’ आहे, पण मागची घटना खरी : 2009 मध्ये प्योंगटेक इथे सांगयोंग मोटरच्या कामगारांनी कपातीविरुद्ध 77 दिवस कारखाना ताब्यात ठेवला होता आणि पोलिसांनी तो बळानं मोडला. दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्यक यांची पटकथाही त्याच सुमारास लिहून झाली होती. पुढे जवळपास दहा वर्षं तिच्यात पैसे घालायला कुणी तयार नव्हतं.

तुमच्याकडच्या अनुभवाशी खरं जुळतो तो दुसरा भाग, ज्यात एकही खेळ नाही. पहिल्या खेळानंतर 201 जण उरतात, मतदान घेतात आणि 101 विरुद्ध 100 मतांनी खेळ थांबवून घरी जातात. घरी काय आहे? गी-हूनच्या आईचा पाय मधुमेहानं सडत चाललाय, आणि तिच्या विम्याचे पैसे त्यानंच मोडून खाल्लेत. पाकिस्तानी कामगार अलीला मालकानं सहा महिने पगार दिलेला नाही. (ही भूमिका दिल्लीच्या अनुपम त्रिपाठी यांनी केली आहे.) अखेर 201 पैकी 187 जण आपल्या पायांनी परत येतात. आपल्याकडे गोव्यात 2012 ला खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं 88 लीज रद्द झाल्या. मधल्या काळात काहींनी जुना हप्ता फेडायला नवं कर्ज उचललं. त्या 187 जणांचं गणित याहून फारसं वेगळं नाही.

दुसऱ्या सीझनमध्ये हेच मतदान उलटं फिरतं. पहिल्या खेळानंतर 365 जण उरतात आणि 183 विरुद्ध 182 मतांनी खेळ चालू राहतो. दोन्ही वेळा फरक एका मताचा. सीझन ताणलेला आहे हे खरं, पण ही मतदानं बारकाईनं पाहा.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा. मित्रांकडे पाहिली म्हणतो. आता घरी काय करावं? — एक आई, म्हापसा

उत्तर : कोरियातही ही मालिका प्रौढांसाठीच आहे, हे त्याला आधी सांगा. पोरं त्यावर वाद घालत नाहीत. नेटफ्लिक्सवर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचं प्रोफाइल उघडा, व्ह्यूइंग रिस्ट्रिक्शन्समध्ये वयाची मर्यादा ‘यू/ए 13+’ ठेवा आणि नको त्या मालिकांची नावं त्याच पानावर टाकून बंद करा. बहुतेक घरी चूक होते ती पुढे. ही मर्यादा फक्त त्या एका प्रोफाइलला लागते, तुमचं उघडंच राहतं. म्हणून तुमच्या प्रोफाइलला चार आकडी पिन लावा आणि नवं प्रोफाइल काढायलाही पिन लागेल हा पर्याय निवडा, नाहीतर तो दोन मिनिटांत नवं काढेल. पिन म्हणून त्याचंच जन्मवर्ष नको!

रील्समधले तुकडे मात्र कुठल्याच कुलपानं अडत नाहीत. 2021 मध्ये बेल्जियममधल्या एका शाळेला पालकांना सावध करावं लागलं होतं, कारण मुलं मालिकेतला खेळ खेळून हरणाऱ्याला बुकलत होती. तेव्हा खेळाबद्दल न विचारता, ही माणसं तिथे का गेली असतील ते त्याला विचारा.

प्रश्न : याच धर्तीचं आणखी काय पाहावं? भाषा कोणती ठेवावी? — मडगाव

उत्तर : ‘द एट शो’, आठ भाग. आठ माणसं, आठ मजले. खालच्याला मिनिटाला 10,000 वॉन, वरच्याला 3,40,000, आणि आत प्रत्येक वस्तू शंभर पट महाग. विषमता इतकी उघडी मांडलेली दुसरी मालिका नाही, पण छळाची दृश्यं जड जातात. सावकारीवर ‘ब्लडहाउंड्स’. भुकेवर ‘किंगडम’, जी राजेशाहीच्या काळातली आहे. आवाज कोरियनच ठेवा. ‘स्क्विड गेम’मधली, उत्तर कोरियातून पळून आलेली से-ब्योक चारचौघांत सोलचं बोलते आणि धाकट्या भावाशी घरचं. पेडण्याची आणि काणकोणची बोली कानांनी ओळखणाऱ्या आपल्या माणसांना हा फरक पकडता येईल, डबिंगमध्ये तो जातो.

प्रश्न : मालिकेतली ती साखरेची चकती, दालगोना, मुलींनी करून पाहिली. एकदा कडू झाली, एकदा दगड. — साखळी

उत्तर : कडू झाली ती जास्त सोड्यानं किंवा करपलेल्या साखरेनं, दगड झाली ती कमी सोड्यानं. तीन मोठे चमचे साखर जाड बुडाच्या पळीत अगदी मंद आचेवर वितळवा. रंग फिक्या मधासारखा झाला की आधी आचेवरून उतरवा आणि मग खाण्याचा सोडा घाला, पाव छोट्या चमच्याच्या निम्मा. बेकिंग पावडर चालत नाही. भराभर ढवळून फुगली की तेल लावलेल्या स्टीलच्या ताटावर ओता, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि तेल लावलेल्या सपाट बुडाच्या वाटीनं दाबा. जाडी तीन-चार मिलिमीटर. साचा लगेच, पण वरवरच उमटवा. आरपार गेला तर कोरायला काही उरत नाही आणि उशीर झाला तर चकती तडकते. साखरेचा पाक दीडशे अंशांच्या वर असतो, तेव्हा ओतण्याचं काम मोठ्यांनीच करावं. जून ते सप्टेंबर हा खटाटोप नकोच, आपल्या दमट हवेत तासाभरात चकती चिकट होते. करायचीच झाली तर थंड होताच हवाबंद डब्यात घाला.