गावात टपाल उशिरा का येतं, आणि अडलं कुठे हे कसं शोधायचं

ताई, मुलाखत होऊन गेल्यावर चार दिवसांनी भावाला मुलाखतीचं पत्र मिळालं, हे वाचून फार वाईट वाटलं. कोकणातल्या एका उपडाकघरात माझी बरीच नोकरी झाली. त्यामुळे ‘पोस्टमन मुद्दाम उशीर करतो का?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो.

मुद्दाम उशीर क्वचितच होतो. मुंबईहून निघालेलं पत्र उपडाकघरापर्यंत बहुधा वेळेत येतं. अडतं ते शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरवर. तुमच्या गावच्या शाखा डाकघराची बॅग उपडाकघरातून कुठे एसटीने जाते, कुठे डाकसेवक स्वतः दुचाकीवर घालून नेतो. पावसात रस्ता खचला किंवा एसटीची फेरी रद्द झाली की त्या दिवसाची बॅग राहिली. त्यात शाखा डाकघर दिवसाचे चार-पाच तासच चालतं आणि ग्रामीण डाकसेवक पूर्णवेळ सरकारी नोकर नसतो. शेजारच्या गावची जागा रिकामी असेल तर दोन्ही गावांचं टपाल त्याच्याच गळ्यात. २०१८ पासून पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं कामही आलं. खाती उघडा, विमा उतरवा, योजनांचे पैसे द्या, आणि उरलेल्या वेळात वाड्या फिरा. मग लांबच्या वाडीची पत्रं तीन-चार दिवसांची साठवून एकदम नेली जातात. हे चूकच आहे, पण त्याचं मूळ रिकाम्या जागेत आहे. दहावीच्या गुणांवर निवड होते, लांबच्या जिल्ह्यातला मुलगा लागतो, भत्ता आणि राहायची सोय बघून रुजूच होत नाही किंवा थोड्या दिवसांत सोडून जातो. याचा जाब डाकसेवकाला नाही, वरच्या कार्यालयाला विचारायला हवा.

दुसरं कारण पत्ता. पिनकोडचे पहिले तीन अंक टपाल कोणत्या भागाच्या सॉर्टिंगला जायचं ते सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारं डाकघर सांगतात. शाखा डाकघराला वेगळा पिन नसतो, ते ज्या उपडाकघराशी जोडलेलं असतं त्याचाच पिन त्याला लागतो. बरेच जण अर्जात सरसकट तालुक्याच्या ठिकाणाचा पिन लिहितात. गावाचा पिन वेगळा असला तर पत्र आधी तालुक्याला उतरतं, तिथून परत फिरवलं जातं आणि दोन-चार दिवस तिथेच जातात. कोकणात तर अख्ख्या वाडीचं आडनाव एक आणि नावंही तीच तीच! म्हणून वडिलांचं नाव, वाडी, गाव, मग ‘पोस्ट अमुक’, तालुका, जिल्हा, पिन असा पूर्ण पत्ता द्या आणि मोबाइल नंबर न विसरता घाला. नवीन डाकसेवकाला घर सापडत नसेल तर त्या नंबराचाच आधार असतो.

आता तुमच्या पत्राचं. पाकीट फेकलेलं नाही ना? त्यावरचा टाकल्याच्या तारखेचा शिक्का बघा. पाठवणाऱ्या कार्यालयानेच पत्र मुलाखतीच्या दोन दिवस आधी टाकलं असेल तर पोस्टाशी भांडण्यात अर्थ नाही, त्या कार्यालयाकडे पाकिटाची प्रत जोडून दुसरी तारीख मागा. ते लगेच करा, तक्रार नंतर. पत्र स्पीड पोस्टने आलं असेल तर नंबर टाकून प्रत्येक टप्प्याची तारीख काढा आणि उपडाकघरात पोहोचल्याची तारीख व हातात मिळाल्याची तारीख शेजारी शेजारी लिहा. ‘वाटप झालं’ किंवा ‘घर बंद’ अशी नोंद असेल आणि घरात माणूस असेल, तर तेवढी एकच ओळ तक्रारीत ठळक लिहा. त्याचं उत्तर त्यांना द्यावंच लागतं.

तक्रार ‘आमच्याकडे टपाल नेहमी उशिरा येतं’ अशी लिहू नका, तसल्या कागदावर काहीच होत नाही. पत्राचा नंबर, दोन तारखा आणि मधले दिवस लिहा. आधी उपडाकपालांना भेटा, मग विभागाच्या डाक अधीक्षकांना लेखी द्या आणि पोच घ्या. १८०० २६६ ६८६८ या क्रमांकावर किंवा केंद्राच्या तक्रार पोर्टलवर नोंदवलं तर तक्रारीचा नंबर मिळतो. तरी हललं नाही तर डाक अदालत आहे, तिथे अधिकाऱ्यांसमोर बाजू मांडता येते. जागा रिकामी असल्याचं कळलं तर ग्रामसभेचा ठराव करून जोडा. एका घराच्या कागदापेक्षा गावाच्या ठरावाची दखल लवकर घेतली जाते, हे मी खात्यात असताना बघितलं आहे.

नवीन नियमही माहीत असू द्या. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पत्र ज्याचं त्याच्याच हातात पडायला हवं असेल तर पाठवणाऱ्याला नोंदणीची सोय वेगळी मागावी लागते. ऑक्टोबर २०२५ पासून तिला ५ रुपये आणि वर कर पडतो, ओटीपी सांगून वाटप हवं असेल तरी तेवढेच. पण ओटीपी ज्या मोबाइलवर येईल तो घरच्या माणसाकडे असायला हवा. मुलगा पुण्यात आणि नंबर त्याचा, अशाने पत्र दारातून परत जातं.

आणि पुढच्या भरतीच्या वेळी भावाला गावच्या पत्त्यावरच अवलंबून ठेवू नका. अर्जात ईमेल द्या आणि भरती करणाऱ्या कार्यालयाचं संकेतस्थळ दर आठवड्याला बघा. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख कळवलीत तर अर्जात काय लिहायचं तेही सांगतो.